विद्यापीठातून वस्तीकडे : संस्थाचालक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेस वंदन करून आमच्या निवासी विद्यालयाचा प्रत्येक दिवस सुरू होतो. राज्यघटनेचे शिल्पकार आणि धम्मचक्र पुन्हा गतिमान करणारे महामानव म्हणून त्यांचे चरित्र आपणा सर्वांस परिचित आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनातील एका वेगळ्या अंगाकडे, म्हणजे संस्थाचालक बाबासाहेबांकडे, आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्यास कारणही तसेच आहे. आमचे काही माजी विद्यार्थी आज समाजकार्य आणि समुदाय विकास या विषयांत विद्यापीठीय शिक्षण घेऊन स्वयंसेवी संस्थांत काम करू पाहत आहेत. समाजसेवेला पदवी कशाला हवी आणि त्या पदवीवर पोट भरेल काय, असे दोन प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे शोधताना आम्हांस बाबासाहेबांच्या चरित्राकडेच वळावे लागले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. परंतु त्याबरोबर त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला. १९१६ साली तेथील एका परिसंवादात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेचे चटके लहानपणापासून सोसले, तिचीच त्यांनी अभ्यासकाच्या नजरेने चिकित्सा केली. दुःख भोगणे आणि दुःखाचे कारण शोधणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे तथागतांच्या अनुयायांस वेगळे सांगावयास नको. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी आपल्या देशातील पहिली संस्था मुंबईत निघाली ती १९३६ साली. बाबासाहेबांनी आपला अभ्यासक्रम त्यापूर्वी दोन दशके स्वतःच घडविला होता.

लंडनमधील उच्च पदव्या आणि बॅरिस्टरची सनद घेऊन ते १९२३ साली मायदेशी परतले. पुढील वर्षीच, २० जुलै १९२४ रोजी, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परळच्या दामोदर हॉलमधून तिचा कारभार चाले. वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासमंडळे, औद्योगिक व शेतकी शाळा काढणे आणि अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडणे, असे तिचे लेखी उद्देश होते. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आमच्यासारख्या निवासी विद्यालयांचे मूळ आम्ही अशाच वसतिगृहांत पाहतो.

याच काळात त्यांनी स्वतःच्या चरितार्थाची व्यवस्थाही लावली होती. ते उच्च न्यायालयात वकिली करीत, आणि १९२५ पासून काही वर्षे एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. सेवेसाठी उपाशी राहावे, असा आदर्श त्यांनी घालून दिला नाही. कार्यकर्ता स्वतःच्या पायांवर उभा असला म्हणजे त्याला देणगीदाराची मर्जी राखत बोलावे लागत नाही, हे त्यांच्या जीवनक्रमावरून आम्हांस उमगते.

१९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने त्यांच्या कार्याला नवे वळण दिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच केला होता. तरी तळ्याचे पाणी काही मिळाले नव्हते. कागदावरचा हक्क बजावण्यासाठी संघटित माणसेच लागतात, हा महाडचा धडा होता.

त्या धड्याचे सर्वांत नेमके विवेचन बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये केले. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ निघाला होता. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला जात असताना बोटीवरून त्यांनी संघाचे चिटणीस ठक्करबाप्पा यांस एक दीर्घ पत्र लिहिले. निवडक व्यक्तींना शिष्यवृत्त्या, व्यायामशाळा किंवा वाचनालये दिल्याने काही जणांचे भले होईल. परंतु ज्या परिस्थितीमुळे सारा समाज खाली दडपला जातो ती बदलल्याशिवाय खरे कार्य होणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणून विहिरी, शाळा, चावडी आणि सार्वजनिक वाहने यांवरील नागरी हक्कांसाठी खेडोपाडी मोहीम काढावी, रोजगारात समान संधी मिळवून द्यावी आणि सामाजिक संबंध वाढवावेत, असा कार्यक्रम त्यांनी सुचविला. हे काम आत्मीयतेने करणारे कार्यकर्ते अस्पृश्य समाजातूनच अधिक सहजतेने मिळतील, असेही त्यांनी बजावले. संघाने मात्र ती वाट धरली नाही. आज समुदाय विकासाच्या वर्गांत लोकसहभाग आणि हक्काधारित कार्य या नावांनी जे शिकविले जाते, त्याचा गाभा या पत्रात आहे, असे आम्हांस वाटते.

उत्तरायुष्यातही संस्था उभारण्याचे त्यांचे काम थांबले नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, तर १९५० साली उच्च शिक्षणात मागे पडलेल्या मराठवाड्यात, औरंगाबाद येथे, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९५६ साली, राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी मुंबईत प्रशिक्षण विद्यालयही काढले. केवळ तळमळ पुरेशी नसते, तिला शिक्षणाची जोड लागते, ही त्यांची धारणा शेवटपर्यंत कायम होती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पालकांच्या दोन्ही प्रश्नांकडे आम्ही पुन्हा वळतो. पहिल्याचे उत्तर असे की, वस्तीची पाहणी करणे, कायदा जाणणे, जमाखर्च चोख ठेवणे आणि लोकांस बोलते करणे या शिकण्याच्याच गोष्टी आहेत. त्या न शिकता केलेली सेवा पुष्कळदा दानधर्मावर येऊन थांबते. दुसऱ्याचे उत्तर इतके सोपे नाही. या क्षेत्रात वेतन बेताचे असते आणि नोकरीची शाश्वतीही कमी असते, हे आम्ही लपवीत नाही. म्हणूनच ही वाट धरणाऱ्या मुलामुलींस घरची आणि समाजाची साथ हवी. आपल्या वस्त्यांचा विकास बाहेरून कोणी येऊन करील, अशी वाट पाहत बसणे बाबासाहेबांस मान्य नव्हते. तेव्हा आपले अपत्य हा विषय निवडू म्हणाले, तर त्यास परावृत्त करण्यापूर्वी समाजबांधवांनी सोलापूरच्या त्या वसतिगृहाचे एकवार स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.