आईच्या हाती पाच शिलिंग

मजुरी देण्याच्या दोन मुख्य पद्धती वाणिज्य शाखेचा विद्यार्थी अगदी सुरुवातीला शिकतो. एक वेळेवर, दुसरी नगावर. कामगाराने किती तास काम केले किंवा किती नग तयार केले हे पाहायचे, दराने गुणायचे आणि ती रक्कम मजुरी खात्यावर नावे टाकायची. त्याच्या घरी खाणारी तोंडे किती, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच येत नाही. पण बायकांना पुरुषांइतकाच पगार द्या असे कोणी म्हटले, की नेमका हाच प्रश्न पुढे केला जातो. पुरुषाला संसार चालवायचा असतो, बाईची कमाई म्हणजे वरखर्चाला झालेली मदत, असे उत्तर मिळते. हिशेबाच्या वहीत नसलेली ही तोंडे पगार ठरवताना एकाएकी कोठून येतात? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणाऱ्या एका इंग्रज बाईंची ही कहाणी आहे. त्यांचे नाव एलिनॉर रॅथबोन.

त्यांचा जन्म 12 मे 1872 रोजी लंडनमध्ये झाला. घराणे मूळचे लिव्हरपूल बंदरातील. रॅथबोन म्हणजे तेथील पिढीजात व्यापारी. पैसा भरपूर होता, पण तो समाजाचेही देणे लागतो अशी घरची शिकवण होती. वडील विल्यम रॅथबोन हे पार्लमेंटचे सभासद. गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची योजना त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने लिव्हरपुलात उभी केली होती. अशा घरात वाढलेली मुलगी 1893 मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली. ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान हे तिचे विषय. 1896 मध्ये तिने परीक्षा दिली, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड त्या काळी मुलींना शिकू देई, परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. ती दारे 1920 मध्ये उघडली.

शिक्षण संपवून एलिनॉर लिव्हरपूलला परतल्या आणि गरिबांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या कामाला लागल्या. वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी गोदीकामगारांच्या स्थितीची पाहणी हाती घेतली. वडील 1902 मध्ये वारले, परंतु त्यांनी काम पुरे केले आणि अहवाल प्रसिद्ध झाला. गोदीतले काम कायमस्वरूपी नसे. माणसांनी धक्क्यावर गर्दी करून उभे राहायचे, मुकादमाने त्यातली हवी तितकी उचलायची, बाकीच्यांनी रिकाम्या हाताने घरी जायचे. एखाद्या आठवड्यात चांगली मिळकत, तर पुढच्यात जवळजवळ काहीच नाही. बाप काय मिळवतो हे कळले, पण आई घर कसे चालवते हे कळायचे राहिलेच होते. म्हणून पुढे अशा कुटुंबांतील बायकांकडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरखर्चाचे हिशेब लिहून घेतले. त्यावरचा अहवाल 1909 मध्ये निघाला. पाव, कोळसा, भाडे, गहाण टाकलेले कपडे अशा बारीकसारीक नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. नवऱ्याची मिळकत आणि बायकोच्या हातात पडणारा पैसा हे दोन वेगळे आकडे आहेत. मुलांचे पोट दुसऱ्या आकड्यावर भरते.

त्याच वर्षी रॅथबोनबाई लिव्हरपूलच्या नगरपालिकेत अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्या तेथील पहिल्या स्त्री सभासद. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या आधीपासूनच होत्या. दगडफेक व जाळपोळ करणाऱ्या गटात मात्र त्या कधी गेल्या नाहीत. सभा, अर्ज, पत्रके, आकडेवारी ही त्यांची हत्यारे होती. एलिझाबेथ मॅकॅडम या स्कॉटिश समाजसेविकेशी त्यांची मैत्री झाली. दोघींनी पुढचे सारे आयुष्य एकत्र काढले. रॅथबोनबाईंनी लग्न केले नाही. ज्यांनी मातृत्वाचा हिशेब साऱ्या देशाला मांडून दाखविला, त्या स्वतः आई नव्हत्या.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि एक अनपेक्षित प्रयोग आपोआप घडून आला. आघाडीवर गेलेल्या शिपायांच्या बायकांना सरकार भत्ता देऊ लागले. तो थेट बायकोच्या हाती पडे आणि मुलांच्या संख्येनुसार वाढे. लिव्हरपुलात हा भत्ता वेळेवर सुरू करून देण्याचे मोठे काम रॅथबोनबाईंनी अंगावर घेतले होते. घराघरांतून फिरताना त्यांना दिसले, की कर्ता पुरुष घरी नसतानाही अनेक घरांतली मुले पूर्वीपेक्षा नीट खातात, धड कपडे घालतात. बायकांना आयुष्यात प्रथमच दर आठवड्याला ठराविक रक्कम, कोणापुढे हात न पसरता मिळत होती. युद्धात शक्य असलेली गोष्ट शांततेत अशक्य का ठरावी, असा विचार त्यांच्या मनाने घेतला. 1917 मध्ये काही मित्रमैत्रिणींसह त्यांनी या प्रश्नासाठी एक समिती स्थापन केली.

1918 मध्ये इंग्लंडात तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना मत मिळाले. 1919 मध्ये मिलिसेंट फॉसेट निवृत्त झाल्या आणि स्त्रियांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे अध्यक्षपद रॅथबोनबाईंकडे आले. ते त्यांनी दहा वर्षे सांभाळले. 1925 मध्ये विधवांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला. मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात गेल्यास आईचा हक्क बापाच्या बरोबरीने पाहावा, असा कायदाही त्याच वर्षी झाला. 1928 मध्ये एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्रीला पुरुषाप्रमाणेच मत मिळाले. या सर्वांमागे त्या संघटनेचे चिकाटीचे काम होते.

1924 मध्ये त्यांचे द डिसइनहेरिटेड फॅमिली हे पुस्तक बाहेर आले. कोणाही वाणिज्य विद्यार्थ्याने त्यातील युक्तिवाद समजून घ्यावा असा आहे. त्या काळी पुरुषाचा न्याय्य पगार म्हणजे नवरा, बायको आणि तीन मुले अशा पाच माणसांना पुरेल तो, असे धरले जाई. रॅथबोनबाईंनी लोकसंख्येचे आकडे तपासले. नेमकी तीन लहान मुले असलेले पुरुष दहांत एकही भरत नव्हते. मोठा भाग अविवाहितांचा किंवा लहान मुले नसलेल्यांचा होता. म्हणजे पाच जणांचा पगार सर्वांना द्यायचा ठरविला, तर उद्योगधंद्यांना अस्तित्वात नसलेल्या लक्षावधी बायकामुलांचा खर्च द्यावा लागेल, आणि ज्याला खरोखर सहा मुले आहेत त्याच्या घरी मात्र उपासमार चालूच राहील.

दुसरीकडे याच काल्पनिक कुटुंबाचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या बाईचा पगार कमी ठेवला जाई. मग तिच्यावर म्हातारे आईवडील किंवा पोरके भाऊबहीण अवलंबून असले तरी ते जमेस धरले जात नसत. यावर रॅथबोनबाईंचा उपाय असा, की मुलांचा खर्च पगारातून वेगळा काढावा. मुले ही साऱ्या समाजाची उद्याची गरज आहे, तेव्हा त्यांच्यासाठी सरकारने दर आठवड्याला भत्ता द्यावा आणि तो आईच्या हाती द्यावा. मग पगार हा केवळ कामाचा मोबदला उरेल आणि समान कामाला समान पगार नाकारण्याचे कारणच राहणार नाही. घरातल्या आईचा मान आणि कचेरीतल्या बाईचा पगार हे दोन प्रश्न त्यांनी असे एकाच गाठीत बांधले.

विरोध चारही बाजूंनी झाला. कामगार संघटनांना भीती वाटली, की भत्ता सुरू झाला की मालक पगार कापतील. खजिन्याचे अधिकारी खर्चाकडे बोट दाखवीत. खुद्द फॉसेटबाईंना वाटे, की यामुळे आईबापांची जबाबदारीची जाणीव मरेल. सर्वांत बोचणारा विरोध तरुण स्त्रीवादी मैत्रिणींचा होता. आईपणासाठी पैसे देणे म्हणजे बाईला पुन्हा चुलीशी बांधणे, आपल्याला पुरुषांच्या बरोबरीचे नियम हवेत, वेगळी वागणूक नको, असे त्यांचे म्हणणे. रॅथबोनबाईंचे म्हणणे असे, की पुरुषांच्या मापाने शिवलेला अंगरखा बायकांना घालून बरोबरी येत नाही. 1927 मध्ये कारखान्यांतील स्त्रियांसाठी वेगळे संरक्षक कायदे असावेत की नसावेत, यावरून वाद विकोपाला गेला आणि कार्यकारिणीतील बऱ्याच जणींनी राजीनामे दिले. या वादात कोणतीच बाजू अगदीच चूक होती असे म्हणता येत नाही. आजही हा वाद मिटलेला नाही.

त्यांचा आपल्या देशाशीही संबंध आला आणि तेथे त्यांच्या स्वभावातील एक उणीवही दिसली. 1927 चे कॅथरिन मेयो यांचे मदर इंडिया हे पुस्तक वाचून त्या हिंदी स्त्रियांच्या स्थितीने हेलावून गेल्या. 1929 मध्ये त्यांनी लंडनमध्ये या विषयावर परिषद भरविली, पण व्यासपीठावरून बोलणार होत्या इंग्रज बायका. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या धन्वंती रामा राव सभेत उभ्या राहिल्या आणि आमच्या प्रश्नांवर आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असा त्यांनी आक्षेप घेतला. या धन्वंतीबाई आपल्या शेजारच्या हुबळीत जन्मलेल्या. त्यांचे पती बेनेगल रामा राव पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, आणि त्यांनी स्वतः 1949 मध्ये मुंबईत कुटुंबनियोजनाच्या कार्याची संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. रॅथबोनबाईंनी त्यानंतर 1932 मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला, येथील स्त्रियांना मत मिळावे म्हणून पार्लमेंटमध्ये भांडल्या, शारदा कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून 1934 मध्ये बालविवाहावर पुस्तक लिहिले. कळकळ खरी होती. पण साम्राज्य हेच मुळात अन्यायाचे आहे, हे त्यांना पुरतेपणी उमगले नाही. 1941 मध्ये युद्धात ब्रिटनला साथ न देणाऱ्या हिंदी नेत्यांना दोष देणारे जाहीर पत्र त्यांनी लिहिले, तेव्हा आजारी रवींद्रनाथ ठाकुरांनी अंथरुणावरून त्याला कडक उत्तर दिले. आईला विचारल्याशिवाय घराचा हिशेब कळत नाही हे जिने ओळखले, तिला हाच न्याय देशांनाही लागू पडतो हे दिसू नये, याचे वाईट वाटते.

1929 पासून त्या पार्लमेंटच्या अपक्ष सभासद होत्या. इंग्लंडच्या विद्यापीठांच्या पदवीधरांनी त्यांना निवडून दिले होते. हिटलरचा धोका ओळखणाऱ्या थोड्या लोकांत त्यांची गणना होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, झेकोस्लोव्हाकिया येथून जीव घेऊन पळणाऱ्या ज्यू व इतर निर्वासितांसाठी त्यांनी रात्रंदिवस खटपट केली. एकेका माणसाच्या परवान्यासाठी त्या खात्यांचे उंबरे झिजवीत. त्या समोरून येताना दिसल्या की मंत्री खांबाआड होत, अशी आठवण त्यांच्या एका सहकाऱ्याने नोंदवून ठेवली आहे.

भत्त्याचा विषय मात्र त्यांनी सोडला नव्हता. त्यांचे पुस्तक वाचून ज्यांचे मत बदलले त्यांत अर्थशास्त्रज्ञ विल्यम बेव्हरिज होते. 1942 च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात त्यांनी मुलांचा भत्ता हा सामाजिक सुरक्षिततेचा एक पाया म्हणून धरला. पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला आठ शिलिंग, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने ती पाच शिलिंगांवर आणली. तेही रॅथबोनबाईंनी एक वेळ गिळले असते. पण 1945 मध्ये विधेयक आले तेव्हा त्यात भत्त्याचा हक्क बापाला दिलेला होता!

तीस वर्षांची धडपड फळाला येत असता त्याच बाईंनी सरकारला बजावले, की ही तरतूद राहिली तर मी या विधेयकाच्या विरुद्ध मत देईन. स्त्रियांच्या संघटनाही खवळून उठल्या. शेवटी सरकारने सभासदांना मोकळे मत देण्याची मुभा दिली आणि सभागृहाने भत्ता आईच्या नावे केला. जून 1945 मध्ये कायदा झाला. 2 जानेवारी 1946 रोजी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी रॅथबोनबाई अचानक वारल्या. 6 ऑगस्ट 1946 रोजी इंग्लंडच्या आयांनी पोस्टाच्या खिडकीवर पहिल्यांदा भत्ता घेतला. ती रांग पाहायला त्या उरल्या नव्हत्या. पहिल्या मुलाला हा लाभ मिळायला तर 1977 साल उजाडावे लागले, आणि समान वेतनाचा कायदा तेथे 1970 मध्ये झाला.

आपल्याकडे 1961 मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. गोष्ट चांगलीच आहे. पण जेथे ई.एस.आय. लागू नाही तेथे या रजेचा सारा पगार मालकाने द्यायचा असतो. मग नव्याने लग्न झालेल्या मुलीला नोकरीवर घेताना मालकाच्या मनात कोणता हिशेब चालत असेल, हे सांगायला नको. मुलांचा खर्च एकट्या मालकावर किंवा एकट्या बापाच्या पगारावर न टाकता सर्वांनी मिळून उचलावा, हा रॅथबोनबाईंचा मुद्दा येथे आठवतो. कर्नाटकात 2023 पासून गृहलक्ष्मी योजनेत घरातील कर्त्या स्त्रीच्या खात्यावर महिना दोन हजार रुपये देण्याचे ठरले, तर 2024 मध्ये महाराष्ट्राने लाडकी बहीण योजनेत पंधराशे रुपये सुरू केले. या योजनांवर अलीकडे पलीकडे पुष्कळ चर्चा होते. त्या मुलांच्या संख्येशी जोडलेल्या नाहीत, तेव्हा त्या रॅथबोनबाईंच्या योजनेसारख्या आहेत असे म्हणता येणार नाही. तरी पैसा घरात आला म्हणजे तो आईपर्यंत पोचला असे होत नाही, ही त्यांची शिकवण मात्र त्यांत कोठेतरी मान्य झालेली दिसते.

आमच्या पुस्तकांत नफा कोणाचा, भांडवल कोणाचे, देणे कोणाचे, हे अचूक लिहायला शिकवतात. पहाटे उठून डबा करणाऱ्या, मुलाला शाळेत सोडून मग कामावर धावणाऱ्या बाईचे श्रम कोणत्या खात्यावर टाकायचे, हे अजून कोणी शिकवीत नाही. एलिनॉर रॅथबोन यांनी ते खाते उघडून त्यात पाच शिलिंगांची पहिली जमा केली. पुढच्या नोंदी करायचे काम आपल्या पिढीचे आहे.