पायातला पत्ता

तुम्ही अमेरिकेत किंवा कॅनडात राहत असाल, तर काळ्या मानेचे आणि गालावर पांढरा पट्टा असलेले मोठे हंस नक्की पाहिले असतील. ते बागेत गवत खातात, कधीकधी रस्ताच अडवतात! त्यांना 'कॅनडा गूज' म्हणतात. हे पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात? हे शोधणाऱ्या जॅक मायनर यांची ही गोष्ट.

जॅकचा जन्म १८६५ साली ओहायो राज्यात झाला. तो १३ वर्षांचा असताना त्याचं कुटुंब कॅनडातल्या किंग्जव्हिल गावी आलं. शाळा त्याला फारशी मिळालीच नाही. मोठेपणी जॅक विटा बनवायचा धंदा करू लागले. शिकारीचाही त्यांना भारी नाद होता.

शिकारी दिसला की हंस लांबूनच उडून जायचे. जॅक यांना वाटलं, ज्यांना शत्रू ओळखता येतो, त्यांना मित्रही ओळखता येईल. म्हणून १९०४ साली त्यांनी शेतात तळं केलं. पंख छाटलेले काही हंस आणून तिथे सोडले. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. रानटी हंस काही येईनात. लोक हसायला लागले. पण १९०८ साली ११ हंस तळ्यावर उतरले! पुढे तर हजारो येऊ लागले.

ऑगस्ट १९०९ मध्ये जॅक यांनी एका बदकाच्या पायात धातूचं कडं घातलं. कड्यावर स्वतःचा पत्ता लिहिला. पुढच्या जानेवारीत साउथ कॅरोलायना राज्यातून निरोप आला. तिथल्या शिकाऱ्याला ते बदक मिळालं होतं, ८०० किलोमीटरपेक्षा जास्त दूर! बदकाचा पत्ता लागला, पण बदक गेलं होतं. बहुतेक कडी अशीच, पक्षी मेल्यावर परत यायची.

१९१५ पासून जॅक हंसांनाही कडी घालू लागले. ती उत्तरेला हडसन बेच्या बाजूने परत आली. इन्युइट आणि क्री शिकाऱ्यांना ती सापडली होती. म्हणजे हंसांचं माहेर तिकडे होतं. तिथे उन्हाळा छोटा, पण दिवस खूप मोठे आणि गवत कोवळं. मादी जमिनीवर पाच-सहा अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे उबवते. नर राखण करतो. पिल्लं आई-बाबांबरोबर दक्षिणेला येतात आणि वाट शिकतात. म्हणूनच हंस वर्षानुवर्षं त्याच तळ्यावर उतरतात.

जॅक यांचं सगळंच बरोबर नव्हतं. ससाणे आणि घुबडं यांना ते शत्रू समजून मारत. ते पक्षीही निसर्गाला हवे असतात, हे आज आपल्याला कळतं.

१९४४ साली जॅक वारले. किंग्जव्हिलला हंस अजूनही येतात.

विचार करा:
१. जॅक यांनी शिकार करताना काय पाहिलं? त्यातून त्यांना काय सुचलं?
२. कडं परत आलं की आनंद व्हावा की वाईट वाटावं? तुम्हाला काय वाटतं?