विमानकार सर ॲलियट व्हर्डन रो

बक्षीस-समारंभाच्या दिवशीं ज्यांचें नांव दुसऱ्या क्रमांकास पुकारलें जातें, त्यांच्या मुद्रेवर आनंदापेक्षां हिरमोडच अधिक दिसतो, असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. अशा विद्यार्थ्यांकरितां एका थोर विमानकाराचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

रो यांचा जन्म इंग्लंडांत मँचेस्टरनजीक ता. २६ एप्रिल १८७७ रोजीं झाला. तरुणपणीं ते आगबोटीवर इंजिनियर होते. सफरींत बोटीमागून पंख न हालवितां तरंगत येणारे आल्बट्रॉस पक्षी ते न्याहाळीत बसत. पक्ष्यास जें साधतें तें मनुष्यास कां साधूं नये, ह्या विचारानें त्यांस घेरलें व ते विमानांचे लहान नमुने करून उडवूं लागले. १९०६ सालीं त्यांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत विमानविद्येची बाजू मांडली. परंतु संपादकांनीं त्या पत्राखालीं, असले प्रयत्न धोक्याचे व निष्फळ होत, अशी टीप जोडली.

पुढील वर्षीं डेली मेल पत्रानें अशा नमुन्यांची चढाओढ जाहीर केली. बक्षिसें १५०, ७५ व २५ पौंडांचीं होतीं. केवळ सुबक दिसून भागणार नव्हतें; नमुना हवेंत उडालाच पाहिजे होता. लंडनच्या ॲलेक्झांड्रा पॅलेस येथें परीक्षा झाली. रो यांचा रबराच्या पिळावर चालणारा नमुना शंभर फुटांहून दूर गेला व सर्वांत सरस ठरला. तथापि पहिल्या बक्षिसाच्या योग्यतेचें कांहींच नाहीं असें ठरवून परीक्षकांनीं तें राखून ठेविलें व रो यांस ७५ पौंडच दिले.

रो हिरमुसून बसले नाहींत. तेवढ्याच रकमेच्या आधारें त्यांनीं त्या नमुन्यावरून मनुष्यास नेणारें विमान बांधलें. १९०८ सालीं ब्रुकलंड्स येथें तें जमिनीवरून उठलें. परंतु पुढें नेमलेल्या समितीनें पहिल्या उड्डाणाचा मान त्यांस दिला नाहीं. तरीहि त्यांनीं काम सोडलें नाहीं. रेल्वेच्या कमानीखालीं त्यांनीं नवें तीनमजली पंखांचें विमान जोडलें. पैशाची इतकी ओढ होती कीं पंखांस कापडाऐवजीं कागद लाविला. इंजिन अवघें ९ अश्वशक्तीचें होतें. ता. १३ जुलै १९०९ रोजीं वॉल्थमस्टोच्या पाणथळ मैदानावर तें सुमारें शंभर फूट उडालें. सर्वस्वीं ब्रिटिश बनावटीच्या विमानाचें हें पहिलें उड्डाण होय. तें विमान लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें जपून ठेविलें आहे.

१९१० सालीं बंधु हम्फ्री यांच्या साहाय्यानें त्यांनीं मँचेस्टर येथें कारखाना काढला. तेथील ॲव्रो ५०४ जातीचीं आठ हजारांहून अधिक विमानें निघालीं व पहिल्या महायुद्धांत असंख्य वैमानिक त्यांवर शिकले. १९२९ सालीं त्यांस 'सर' हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचे दोन पुत्र कामास आले. ता. ४ जानेवारी १९५८ रोजीं रो निवर्तले.

आज नमुन्यांच्या चढाओढींत पुष्कळ ठिकाणीं नवशिके व निष्णात यांचे वर्ग निराळे पाडून चषक देतात, हें योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परीक्षक जें देतात तें झालेल्या कामाचें मोल. पुढच्या कामाचें मोल त्यांच्या हातीं नसतें. बक्षिसाचा आंकडा लहान म्हणून रो थांबले असते, तर ते कागदी पंख कधींच उडाले नसते.