दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (जन्म : १० जानेवारी १८९६, मृत्यू : १७ एप्रिल १९९०) हे मराठी कवी, संपादक आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक होते. काव्यलेखन त्यांनी ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने केले. पुण्यात ते काकासाहेब केळकर म्हणून ओळखले जात. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय हे त्यांच्या अनेक दशकांच्या संग्रहातून उभे राहिले. भारतीय घरांतील नित्य वापराच्या वस्तूंचा हा देशातील महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक मानला जातो. आयुष्यभर जमवलेला हा संग्रह केळकरांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दान केला. दुर्मीळ वस्तूंची खरेदी-विक्री आणि संग्राहकाची जबाबदारी या विषयाच्या चर्चेत त्यांच्या जीवनकार्याचा विचार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

जीवन

केळकरांचा जन्म नीरा नदीकाठच्या करंजे या गावी झाला. पुढे त्यांचे वास्तव्य पुण्यात राहिले. चरितार्थासाठी त्यांनी चष्म्यांचा व्यवसाय केला. त्यांच्यामागे संस्थानिकांचे वैभव नव्हते, की मोठ्या उद्योगपतीची संपत्तीही नव्हती. मध्यमवर्गीय व्यावसायिकाच्या उत्पन्नातून त्यांनी हा संग्रह उभा केला. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या सहकारी होत्या. या दांपत्याचा मुलगा राजा बालवयातच मरण पावला. या आघाताचा केळकरांच्या पुढील आयुष्यावर खोल परिणाम झाला आणि आपला संग्रह त्यांनी मुलाच्या स्मृतीला अर्पण केला. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ ही पदवी नसून त्या मुलाचे नाव आहे.

काव्यलेखन आणि संपादन

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात केळकर कवी म्हणून पुढे आले. ‘अज्ञातनाद’ हा त्यांचा काव्यसंग्रह होय. कवी भा. रा. तांबे यांच्या कवितांचा १९२७ साली प्रसिद्ध झालेला दुसरा संग्रह त्यांनी संपादित केला. ग्वाल्हेरसारख्या दूरच्या ठिकाणी राहणाऱ्या तांब्यांच्या विखुरलेल्या कविता महाराष्ट्रातील वाचकांपर्यंत पोहोचवण्यात या संपादनाचा वाटा होता. विखुरलेले जमवणे आणि नष्ट होऊ घातलेले राखणे ही वृत्ती केळकरांच्या वाङ्मयीन कामातही दिसते. पुढे वस्तुसंग्रहाचे काम वाढत गेले, तरी त्यांची कवी ही ओळख पुसली गेली नाही.

संग्रहाची सुरुवात आणि तत्कालीन परिस्थिती

केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. त्या काळी महाराष्ट्रात जुन्या साधनांचे जतन करण्याचे प्रयत्न सुरू झालेले होते. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ऐतिहासिक कागदपत्रे मिळवण्यावर भर दिला होता. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या विश्वस्तांनी शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ साली विकत घेतला, तर रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांचे कलासंग्रह पुढे त्याच संग्रहालयात आले. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली संग्रहालय उभारले. या प्रयत्नांत मुख्यतः दप्तरे, चित्रे, शिल्पे आणि मौल्यवान कलाकृती यांना महत्त्व होते. घरातील अडकित्ता, माजघरातील समई किंवा स्वयंपाकघरातील साचा यांकडे संग्रहणीय वस्तू म्हणून फारसे कोणी पाहत नव्हते.

याच काळात अशा वस्तू वेगाने नाहीशा होऊ लागल्या होत्या. पितळ, तांबे आणि काशाच्या जुन्या भांड्यांना बाजारात धातूच्या वजनावर भाव मिळे. भंगारवाल्याकडे किंवा तांबटाकडे गेलेले भांडे बहुधा मोडीत निघून वितळवले जाई. वाडे पाडले की त्यांतील कोरीव खांब आणि दरवाजे जळाऊ लाकूड म्हणून विकले जात. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरे भस्मसात झाली. १९४८चा कूळकायदा आणि त्यानंतर वतने व इनामे रद्द करणारे कायदे यांमुळे अनेक जुन्या घराण्यांचे उत्पन्न आटले आणि वाड्यांतील चीजवस्तू विकायला निघाल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात पुण्यातील नदीकाठच्या पेठांमधील बरेच जुने वाडे कोसळले. केळकरांच्या संग्रहाची वाढ झाली ती या काळात.

संग्रहाचे स्वरूप

केळकरांनी महाराष्ट्रातच नव्हे, तर भारताच्या अनेक भागांत हिंडून वस्तू मिळवल्या. १९६० सालापर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या. आज संग्रहालयातील वस्तूंची संख्या २०,००० पेक्षा अधिक असून जागेच्या मर्यादेमुळे त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच प्रदर्शित केलेल्या असतात. संग्रहातील बहुसंख्य वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत, मात्र काही शिल्पे त्याहून बरीच जुनी आहेत.

दिवे आणि अडकित्ते ही या संग्रहाची ठळक वैशिष्ट्ये होत. समया, लामणदिवे, निरांजने आणि दीपलक्ष्मी असे दिव्यांचे नाना प्रकार येथे आहेत. पक्षी, घोडेस्वार आणि मानवी आकृतींच्या घडणीचे अडकित्ते पाहिले असता सुपारी कातरण्याच्या एका साध्या साधनावर कारागिरांनी किती कल्पकता खर्च केली होती, हे ध्यानात येते. पानाचे डबे, दौती, फणेरपेट्या, पाय घासण्याच्या वज्र्या, स्वयंपाकाची भांडी, सोंगट्या आणि गंजिफांसारखे खेळ, वस्त्रे, शस्त्रे, चित्रकथी परंपरेतील चित्रे व कोरीव दरवाजे यांचाही संग्रहात समावेश आहे. वाद्यांचे दालन विशेष समृद्ध मानले जाते.

या वस्तू घडवणाऱ्या कासार, तांबट, सुतार आणि विणकरांची नावे क्वचितच ज्ञात असतात. राजवाड्यातील दागिन्यांच्या बरोबरीने माजघरातील भांड्याला स्थान देऊन केळकरांनी या अनाम कारागिरांचे काम इतिहासाच्या कक्षेत आणले. स्त्रियांच्या दैनंदिन जीवनाशी संबंधित वस्तूंना दिलेले महत्त्व हाही या संग्रहाचा विशेष आहे.

संग्रहालयाची स्थापना

१९६२ साली केळकरांच्या संग्रहाला संग्रहालयाचे रूप मिळाले. बाजीराव रस्त्यानजीक नातूबागेत असलेल्या या वास्तूत संग्रहाची दालने मांडली गेली. घरगुती संग्रह आणि सार्वजनिक संग्रहालय यांत मूलभूत फरक असतो. घरातील संग्रह मालकाच्या मर्जीने दाखवला जातो, वाटला जातो किंवा विकलाही जातो. संग्रहालयातील वस्तू मात्र अभ्यासकांना आणि सामान्य प्रेक्षकांना पाहता याव्यात, ही अपेक्षा असते. केळकरांचा प्रवास पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेकडे झाला.

मस्तानी महाल

संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध दालन म्हणजे मस्तानी महाल. पहिल्या बाजीराव पेशव्याने मस्तानीसाठी कोथरूड येथे १७३४च्या सुमारास बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी संग्रहालयात आणून तेथे त्यांची पुनर्रचना केली.

या दालनामुळे जतनाच्या शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. वास्तू तिच्या मूळ जागी राखणे हा जतनाचा श्रेष्ठ मार्ग मानला जातो. जागा, परिसर आणि बांधणी यांचा परस्परसंबंध हाच वास्तूचा अर्थ असतो, आणि ती हलवली की तो तुटतो. मूळ जागी जतन शक्यच नसेल, तर अवशेष हलवणे आणि ते नष्ट होऊ देणे एवढेच पर्याय उरतात. आज कोथरूडमधील त्या महालाची कल्पना प्रेक्षकाला येते ती या पुनर्रचित दालनामुळे.

खरेदी-विक्री आणि संग्राहकाची नीती

केळकरांच्या काळातील संग्राहकांना जुन्या वस्तू प्रामुख्याने दोन मार्गांनी मिळत : थेट घराण्यांकडून किंवा जुन्या बाजारातील व्यापाऱ्यांकडून. दोन्ही मार्गांत नैतिक पेच आहेत.

पहिला पेच किमतीचा. अडचणीत सापडलेले कुटुंब घरातील वस्तू विकते, तेव्हा तिचे मोल त्यास ठाऊक असतेच असे नाही. संग्राहकाला मात्र ते ठाऊक असते. वजनाच्या भावाने घेतलेली वस्तू तिच्या खऱ्या किमतीला पुढे विकली, तर मिळणारा नफा हा विक्रेत्याच्या अज्ञानाचा नफा ठरतो. याउलट त्या क्षणी कोणी घेतलीच नाही, तर वस्तू भट्टीत जाण्याची शक्यता असते. जुनी नाणी, हस्तलिखिते किंवा गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली दुर्मीळ मोटार या सर्वांच्या व्यवहारात हाच पेच उद्भवतो.

दुसरा पेच मालकीचा. एकत्र कुटुंबातील वस्तू एका भावाने विकावी काय, किंवा देवळातील दिवा पुजाऱ्याला विकता येतो काय, हे प्रश्न घेणाऱ्यालाही टाळता येत नाहीत. देवस्थानाच्या वस्तूंवर समाजाचा हक्क असल्याने त्यांच्या बाबतीत केवळ विक्रेत्याची संमती पुरेशी ठरत नाही.

तिसरा पेच माहितीचा. वस्तू कोणत्या गावची, कोणत्या घरातील आणि कोणत्या प्रसंगी वापरली जाई, ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते. व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत आलेल्या वस्तूची ही साखळी बहुधा तुटलेली असते. मोठ्या खाजगी संग्रहांचा अभ्यास करताना संशोधकांना ही उणीव जाणवते.

यांपैकी पहिल्या पेचाला केळकरांच्या कृतीत स्पष्ट उत्तर सापडते. वाढत्या बाजारभावाचा लाभ घेऊन संग्रह विकण्याऐवजी त्यांनी तो एकसंध ठेवला आणि अखेरीस सर्वांच्या मालकीचा केला. पडक्या भावात मिळालेली वस्तूही त्यामुळे खाजगी नफ्याचे साधन ठरली नाही. इतर दोन पेच मात्र दानाने सुटत नाहीत. ज्या घरांनी नाइलाजाने वस्तू विकल्या, त्यांची नावे बहुधा दालनांतील पाट्यांवर येत नाहीत, आणि ही मर्यादा अशा बहुतेक सर्वच संग्रहालयांना लागू पडते.

शासनाला दान आणि कायद्याची पार्श्वभूमी

१९७५ साली केळकरांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. याच सुमारास जुन्या वस्तूंच्या व्यवहाराविषयीचा कायदा बदलत होता. १९४७च्या कायद्याने पुरावस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणले होते. त्याची जागा पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ याने घेतली आणि हा अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेल्या हस्तलिखितांच्या बाबतीत किमान ७५ वर्षे जुनी प्रत, ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यासाठी परवाना आवश्यक झाला आणि खाजगी व्यक्तींना ती देशाबाहेर पाठवण्यास बंदी आली. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७०चा करार भारताने १९७७ साली मान्य केला.

नोंदणीची सक्ती मात्र मुख्यतः शिल्पे, चित्रे आणि चित्रित हस्तलिखिते अशा वर्गांना लागू झाली. अडकित्ते, भांडी आणि दिवे यांसारख्या घरगुती वस्तूंचे भवितव्य बव्हंशी घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या विवेकावरच राहिले. केळकरांनी ज्या वर्गातील वस्तू जमवल्या, त्यांना कायद्याचे संरक्षण सर्वांत कमी होते, ही बाब त्यांच्या दानाचे महत्त्व वाढवते.

सन्मान आणि मृत्यू

पुणे विद्यापीठाने केळकरांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली. भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय हे पुण्याच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग बनले असून कलेचे व इतिहासाचे विद्यार्थी, वास्तुरचनाकार आणि कारागीर तेथे अभ्यासासाठी येतात. संग्रहातील मोठा भाग जागेअभावी प्रदर्शनाबाहेर राहतो, ही संग्रहालयापुढील दीर्घकालीन अडचण आहे. लाकूड, वस्त्र आणि हस्तिदंत यांवर दमट हवेचा परिणाम होत असल्याने त्यांच्या जतनासाठी सातत्याने निधी आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. वस्तू दान केल्याने संग्राहकाची जबाबदारी संपत असली, तरी ती स्वीकारणाऱ्या शासनाची आणि समाजाची जबाबदारी तेथूनच सुरू होते.