सोलापूरचे वालचंद शेठ हटले नाहीत, म्हणून कुर्ल्यात डॉज आणि प्लायमाउथ तयार झाल्या

मंगळवेढ्याहून सोलापूरला आज गाडीने तासाभरात पोहोचता येतं. त्याच सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद दोशी जन्मले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यांचं मन मात्र त्यात रमलं नाही. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार करून ते बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटात उतरले.

तिथून पुढे त्यांनी मोठीच झेप घेतली. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. १९४० मध्ये बंगळुरूत विमानांचा, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना. राहिली होती मोटार.

मोटारीसाठी ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण इंग्रज सरकारने पाठबळ दिलं नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ बाहेर पडू लागल्या.

या गाड्यांचं इंजिन एका ओळीत सहा सिलिंडरचं, आणि कार्बोरेटर एकच, मधोमध बसवलेला. त्याचं काम पेट्रोल हवेत मिसळणं. साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, तेही वजनाने. पण मधल्या सिलिंडरला वाट जवळची, टोकाच्या सिलिंडरला लांबची. म्हणून सहाही जणांना सारखा घास मिळणं अवघड.

मोठा कार्बोरेटर टाकला की ताकद वाढेल, असं वाटतं. होतं उलटं. गाडी हळू चालताना आत हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक थेंब होत नाहीत आणि गाडी धक्के खाते. म्हणून इंजिनाच्या मापाचाच कार्बोरेटर निवडायचा. मग प्लग आणि टायमिंग आधी बघायचं, इंजिन गरम करायचं, फ्लोटची पातळी तपासायची. स्लो मिक्श्चरचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत, मग एकसारखं चालेपर्यंत बाहेर. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जातंय, असं समजायचं.

आता एवढासा कार्बोरेटर इतका नाजूक, तर अख्खी गाडी इथे बनवणं किती अवघड, विचार करा. सुरुवातीला सुटे भाग अमेरिकेहून यायचे आणि कुर्ल्यात जोडले जायचे. जोडणं वेगळं, बनवणं वेगळं. वालचंदना बनवायचं होतं.

त्यासाठी वेळ मात्र मिळाला नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. पुढे त्याच कंपनीने चार सिलिंडरची फियाट आणली, आणि तिचीच झाली प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण जिला ओळखतो, ती हीच.