थोर चित्रकार होकुसाई

होकुसाई यांचा जन्म १७६० साली जपानमधील एदो, म्हणजे आताच्या टोकियो शहरात झाला. पोरवयातच ते लाकडी ठसे कोरायला शिकले. १८३१ च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी प्रचंड लाटेचे चित्र केले. ते आज शुभेच्छापत्रांवरही छापतात. नीट बघा, लाटेखाली होड्यांत माणसं वाकून बसलीत आणि मागे इवलासा फुजी पर्वत आहे. मला वाटतं, लाट म्हणजे संकट अन् पर्वत म्हणजे धीर.

१८३९ साली त्यांच्या घराला आग लागली. पुष्कळ चित्रं जळाली. तेव्हा ते ऐंशीला टेकले होते. तरी त्यांनी पुन्हा कुंचला धरला. १८४९ साली ते वारले.

मित्रांनो, चित्र बिघडलं म्हणून कागद फाडू नका. होकुसाईंची आठवण ठेवा.