मोरारजीभाई, एसटी आणि ड्रायव्हरच्या तोंडाचा वास

१ जून १९४८ रोजी नगरहून निघालेली एक गाडी सुपे, शिरूर करीत पुण्याला पोचली आणि सरकारी एसटीचा जन्म झाला. लाकडी बांधणीची, काथ्याच्या बैठकींची बेडफर्ड गाडी होती ती. तिचे पहिले कंडक्टर लक्ष्मण केवटे यांचे नाव नगरकर अजून कौतुकाने घेतात. मात्र ज्या गृहमंत्र्याने मुंबई राज्याची ही सरकारी मोटार रस्त्यावर आणली, त्याचे नाव एसटीच्या संदर्भात सहसा कोणी काढीत नाही. ते नाव मोरारजी देसाई.

न काढण्याचे कारण उघड आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा ते मुख्यमंत्री होते. १०५ हुतात्म्यांचा हिशेब मराठी मनाने त्यांच्या नावावर मांडून ठेवला आहे, आणि तो पुसण्याचा माझा इरादा नाही. पण या माणसाच्या आयुष्यात एक दुसरा, फारसा न बोलला गेलेला धागा आहे. सरकारी गाडी रस्त्यावर आणणारा आणि राज्यभर दारूबंदी आणणारा मंत्री एकच होता. दोन्ही गोष्टींच्या मधोमध एक साधा प्रश्न उभा राहिला: स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने घेतली आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

मोरारजीभाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, वलसाडजवळच्या भदेली गावचा. वडील रणछोडजी शिक्षक. मोरारजी पंधरा वर्षांचे असताना, ऐन लग्नाच्या दिवसांत वडील गेले आणि घराचा भार या मुलावर आला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकून १९१८ साली ते प्रांतिक मुलकी सेवेत लागले आणि डेप्युटी कलेक्टर झाले. गोध्रा दंगलीच्या प्रकरणात सरकारने त्यांच्यावर पक्षपाताचा ठपका ठेवला. १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि सत्याग्रहात उडी घेतली. म्हणजे हा माणूस बारा वर्षे सरकारी खुर्चीत बसलेला होता. फाइल, साक्ष, पुरावा यांची त्याला चांगली ओळख होती. पुढची हकीकत वाचताना हे ध्यानात ठेवावे.

१९३७ साली खेर मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले, १९४६ मध्ये गृहमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत स्वतः अवघ्या १९ मतांनी पडले आणि तरीही मुख्यमंत्री झाले! पण त्यांच्या राजवटीची खरी ओळख म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी झाली. योगायोग असा, की त्याच सुमारास आमच्या नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना पहिल्या गळिताला लागत होता. साखर आली की मळी आली, आणि मळीपासून काय होते हे जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्या काळात हातभट्ट्याही पेटल्या, ही गोष्ट वडीलधाऱ्यांनी आम्हाला हसतहसत सांगितलेली आहे.

कायदा कडक होता, पण त्याला नाक सोडून दुसरे इंद्रिय नव्हते. पोलिसाला वास आला, डॉक्टरला वास आला, की गुन्हा उभा राहायचा. शिवाय दारू नुसती बाटलीत नसते. द्राक्षासव, कुमारीआसव यांत आंबवण्याच्या क्रियेनेच अल्कोहोल तयार होतो. खोकल्याच्या औषधात असतो, अत्तरासारख्या कोलनवॉटरमध्ये असतो. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या अशा वस्तूंवरची बंदी रद्द केली. म्हणजे आता तोंडाला येणारा वास निषिद्ध दारूचाही असू शकत होता आणि कायदेशीर औषधाचाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत कुलाब्याला एका जीपने पादचाऱ्यांना धडक दिली. जीप चालवणारा गृहस्थ वाहतूक खात्याचाच अधिकारी होता. डॉक्टरांनी तपासले तर तोंडाला वास होता, डोळे लाल होते. पण बोलणे सुसंगत, चालणे सरळ. त्यांचे म्हणणे, आपण टॉनिक घेतले होते. मॅजिस्ट्रेटने सोडले, हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. घेतलेला पदार्थ मनाई असलेलाच होता हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे, असा त्याचा अर्थ. मोरारजी तेव्हा मुख्यमंत्री होते. व्यसन हे पाप आहे याविषयी त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. पण पाप कोर्टात मोजून दाखवावे लागते, याची सोय त्यांच्या कायद्यात नव्हती. माजी मॅजिस्ट्रेटच्या नजरेतून ही फट सुटावी, याचे मला नवल वाटते.

ती सोय जगात मात्र झालेली होती. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एरिक विडमार्क या रसायनशास्त्रज्ञाने १९२२ सालीच बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तातला अल्कोहोल मोजण्याची रीत काढली होती. अमेरिकेत बोर्कनस्टाइन यांचे श्वास तपासण्याचे यंत्र आले १९५४ मध्ये. आपल्याकडे कायद्यात दुरुस्ती झाली ती १९५९ साली, मोरारजी दिल्लीला गेल्यावर, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडला, तर ते औषध होते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आली.

त्या वर्षी केलेले रक्ततपासणीचे नियम मी मुद्दाम वाचले आहेत. आयुष्यभर व्हाउचर तपासणाऱ्या माणसाला ते आवडावेत असेच आहेत. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलला हात लावायचा नाही. नाहीतर सुईबरोबर तोच नमुन्यात जायचा. कुपीत रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून औषध घातलेले हवे. बूच, लेबल, डॉक्टरचे सील, आणि सात दिवसांच्या आत रवानगी. धुळ्याच्या एका मोटारचालकाच्या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला, की मधल्या दिवसांत कुपी कोणाच्या ताब्यात होती. बँकेत तिजोरीची किल्ली कोणाकडून कोणाकडे गेली याची जशी नोंद लागते, तसेच हे. पुढे १९७१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की वास, लडखडती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून माणूस प्यायलेला होता असा निर्णायक निष्कर्ष निघत नाही.

माझ्या नोकरीत एकदा खातेनिहाय चौकशीचे काम माझ्याकडे आले होते. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावची शाखा. दफ्तरी दारू पिऊन कामावर आला, असे आरोपपत्र. १९५३ च्या शास्त्री निवाड्यापासून बँकेच्या आवारातली मद्यधुंदी हे गंभीर गैरवर्तन आहे; नोकरी जाऊ शकते. तिघांच्या साक्षी झाल्या. तिघांनीही वास आला एवढेच सांगितले. सरकारी दवाखाना दहा मिनिटांच्या अंतरावर, पण त्याला तिकडे कोणी नेले नव्हते. तो म्हणाला, द्राक्षासव घेतो. युनियनच्या प्रतिनिधीने साक्षीदारांना विचारले, आसवाचा वास आणि दारूचा वास यांतला फरक सांगा. कोणाला सांगता येईना. आरोप सिद्ध झाला नाही. तो त्या दिवशी प्यायला होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. घरी त्याची चार माणसे त्या पगारावर होती एवढे ठाऊक आहे.

आमच्या पिढीला बँकेत नोकऱ्या मिळाल्या त्या राष्ट्रीयीकरणामुळे, आणि त्याला विरोध होता मोरारजींचाच. जुलै १९६९ मध्ये इंदिराबाईंनी त्यांचे अर्थखाते काढून घेतले, त्यांनी उपपंतप्रधानपद सोडले, आणि त्याच आठवड्यात १४ बँका सरकारच्या झाल्या. १९७७ मध्ये एक्याऐंशीव्या वर्षी ते पंतप्रधान झाले तेव्हा चार वर्षांत देशभर दारूबंदी करण्याचा संकल्प सोडला गेला. सरकारच १९७९ मध्ये पडले. महाराष्ट्राने तोवर परवान्यांची दारे उघडलेली होती.

त्यांच्या स्वमूत्रोपचारावर देशभर विनोद झाले. आज विमान कंपन्यांत मादक द्रव्यांच्या चाचणीसाठी मूत्राचाच नमुना घेतात, हे त्यांना कळते तर त्यांनी काय चेहरा केला असता कोण जाणे! २०२२ पासून वैमानिकांची अशी अचानक तपासणी होते. तिचीही एक अडचण आहे. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो; म्हणजे माणूस कधीतरी ओढला होता हे कळते, या घटकेला नशेत आहे की नाही हे कळत नाही. म्हणून पहिल्या चाचणीत दोष दिसला तरी दुसऱ्या, अधिक अचूक चाचणीने तो पक्का करावा लागतो.

ड्रायव्हरसाठी कायद्याची मर्यादा मोटार वाहन कायद्यात आता १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे जुन्या ०.०५ टक्क्यांहून कमी. एसटीच्या आगारांतही श्वास तपासण्याची यंत्रे आली. चाळीस-पन्नास माणसांचा जीव त्या फुंकरीवर असतो, तेव्हा तपासणी हवीच; नगर-पुणे रस्त्याने रात्रीचा प्रवास केलेल्या कोणालाही हे पटवावे लागणार नाही. पण नुकतेच औषध घेतले असेल किंवा चूळ भरायच्या द्रवात अल्कोहोल असेल तर तो तोंडात रेंगाळतो आणि यंत्र फसते. चांगल्या पद्धतीत म्हणून पाण्याने चूळ भरायला लावतात, पंधरा-वीस मिनिटे थांबतात, नवी नळी लावून साक्षीदारापुढे पुन्हा फुंकायला सांगतात आणि आकड्यावर दोघांच्या सह्या घेतात. वीस मिनिटे गाडी उशिरा सुटते, प्रवासी कुरकुरतात.

मोरारजीभाई १० एप्रिल १९९५ रोजी मुंबईत वारले. शंभराव्या वर्षात होते, पण २९ फेब्रुवारीचा जन्म असल्याने खरे वाढदिवस २३ च आले. त्यांचा १९४९ चा कायदा मुंबईऐवजी महाराष्ट्राचे नाव लावून अजून चालू आहे. त्यानुसार महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी आजही परवाना लागतो.